प्रोटीन पकडता येतं, पण सोडायचं कसं?

दंडावर चिकटवायचा ग्लुकोजचा सेन्सर आता बऱ्याच जणांनी पाहिलाय. दर काही मिनिटांनी मोबाईलवर आकडा येतो, जेवलं की ग्राफ वर जातो, चालून आलं की खाली. हे बघितलं की पुढचा प्रश्न आपोआप येतोच, साखर अशी मोजता येते तर बाकीचं का नाही? हार्ट अटॅकमध्ये रक्तात वाढणारं ट्रोपोनिन, इन्फेक्शन झालं की वाढणारं सीआरपी, आयएल-६ सारखे इम्यून सिस्टिमचे निरोप पोचवणारे रेणू, ही सगळी प्रोटीन्सच, लॅबमध्ये रोज मोजली जातात, मग यांचा पॅच अजून का नाही? बहुतेकांना वाटतं की मशीन पुरेसं छोटं झालं नाही म्हणून. तसं नाहीये, छोटं करणं त्यातल्या त्यात सोपं काम आहे.

आधी ग्लुकोज का जमलं ते बघू. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी इलेक्ट्रोडवर, म्हणजे करंट मोजणाऱ्या धातूच्या टोकावर, ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रोटीन) बसवायची कल्पना मांडली आणि आजचे बहुतेक सेन्सर त्याच कल्पनेवर चालतात. ग्लुकोजचा रेणू येतो, एन्झाइम त्याचं दुसऱ्या पदार्थात रूपांतर करतं, त्यात सुटलेले इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत पोचतात, करंट मोजला की साखर कळली. यातली खरी गंमत अशी की काम झालं की एन्झाइम लगेच मोकळं, पुढच्या रेणूसाठी तयार. सेन्सर रिकामा करायला वेगळं काही करावंच लागत नाही.

आणि ग्लुकोज असतं पण भरपूर. उपाशीपोटी रक्तात डेसिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅम. याउलट निरोगी माणसाच्या रक्तात आयएल-६ मिलिलिटरला फक्त काही पिकोग्रॅम, पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. रेणूंच्या हिशोबात बोलायचं तर आयएल-६ च्या एका रेणूमागे ग्लुकोजचे साधारण दोन-अडीच हजार कोटी रेणू. आता बोला!

शिवाय ट्रोपोनिन किंवा आयएल-६ ला ओळखून त्याच्यापासून करंट तयार करणारं असं सोयीचं एन्झाइम हाताशी नाही. म्हणून प्रोटीन मोजायचं म्हणजे ते पकडायचं, आणि पकडायला सगळ्यात भारी साधन म्हणजे अँटीबॉडी, ठरावीक रेणूलाच घट्ट धरणारं प्रोटीन. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमन यांनी एलायझा ही लॅबमध्ये प्रोटीन मोजायची टेस्ट आणली तीही यावरच, आणि घरी करायची प्रेग्नन्सी टेस्ट पण यावरच, तिथे पट्टीवरच्या अँटीबॉडीज एचसीजी हे हार्मोन पकडतात आणि रेघ उमटते. रेघ उमटली की पट्टी कचऱ्यात. एकदाच मोजायचं असेल तर याच्यात काहीच वाईट नाही.

सतत मोजायचं म्हटलं की मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. प्रोटीन इतकं कमी असतं की पकड जबरदस्त हवी, नाहीतर सेन्सरला काही सापडणारच नाही. पण पकड जितकी घट्ट तितका रेणू सुटायला उशीर. हिशोब करून बघितला तर धक्का बसतो. पिकोमोलर पातळीवर, म्हणजे रेणू अगदी विरळ असतात अशा, साधारण आपल्याला हवी त्या पातळीवर, काम करणारी चांगली अँटीबॉडी घेतली तर तिने पकडलेल्या रेणूंपैकी अर्धे स्वतःहून सुटायला ८ दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे सोमवारी सकाळी प्रोटीन वाढलं, दुपारी उतरलं, तरी सेन्सर पुढच्या सोमवारपर्यंत सकाळचीच बातमी सांगत बसणार. वाढ दिसेल, उतार दिसणारच नाही. माझ्या मते या सगळ्या विषयाची गाठ इथे आहे, आणि बातम्यांमध्ये नेमकं हेच येत नाही, तिथे फक्त ‘केसाएवढा सेन्सर’ वगैरे.

यावर एक वाट म्हणजे अ‍ॅप्टामर, डीएनए किंवा आरएनएचे छोटे तुकडे जे ठरावीक रेणूला चिकटतात. ते निवडून काढायची पद्धत १९९० मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवली. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या केविन प्लॅक्सको यांच्या गटाने अ‍ॅप्टामरचं एक टोक सोन्याच्या इलेक्ट्रोडवर बसवलं, दुसऱ्या टोकाला मेथिलिन ब्लू हा इलेक्ट्रॉनची देवघेव करणारा रंग लावला, रेणू चिकटला की अ‍ॅप्टामरचा आकार बदलतो, मेथिलिन ब्लूचं इलेक्ट्रोडपासूनचं अंतर बदलतं आणि करंटही. रेणू सुटला की परत पहिल्यासारखं. जिवंत उंदरांच्या रक्तात औषधांची पातळी या पद्धतीने दर काही सेकंदांनी मोजून झालीये. पण ती औषधं होती, छोटे रेणू, प्रमाणही बरंच जास्त, त्यामुळे सैल पकड चालून गेली. प्रोटीनला ती चालत नाही.

दुसरी वाट मला जास्त डोकेबाज वाटते. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीतल्या शाना केली यांच्या गटाने २०२४ च्या डिसेंबरमध्ये सायन्स या जर्नलमध्ये ती मांडली. इलेक्ट्रोडवर डीएनएचे धागे उभे केलेले, त्यांना प्रोटीन येऊन चिकटतं. डीएनएवर निगेटिव्ह चार्ज असतो, त्यामुळे इलेक्ट्रोडचं व्होल्टेज बदललं की धागे आत ओढले जातात किंवा बाहेर ढकलले जातात. मोजून झालं की व्होल्टेज भराभर उलटसुलट करायचं, धागे गदागदा हलतात आणि चिकटलेलं प्रोटीन सुटून जातं, मग सेन्सर पुढच्या मोजणीला मोकळा. म्हणजे पकड घट्टच ठेवायची, फक्त सोडायची वेळ आपण ठरवायची. मधुमेह असलेल्या उंदरांमध्ये त्यांनी दाह दाखवणारी प्रोटीन्स अशी सतत मोजली आणि त्यांची चढ आणि उतार दोन्ही दिसले. उतार दिसला हे महत्त्वाचं. अर्थात उंदीर आणि माणूस यात बराच फरक आहे, आणि प्रयोग आणि विकत मिळणारा पॅच यात त्याहून जास्त.

आता मोजायचं कुठे, हा वेगळा प्रश्न. रक्तवाहिनीत कायम काहीतरी खुपसून ठेवणं कोणालाच नको असतं, म्हणून त्वचेखाली पेशींच्या मधे जे पाणी असतं ते वापरतात. त्वचेचा सगळ्यात वरचा मृत थर १० ते २० मायक्रोमीटरच जाड असतो, त्यामुळे एक मिलिमीटरपेक्षा छोट्या सुया पण तिथपर्यंत पोचतात आणि दुखत जवळजवळ नाही. ग्लुकोज रक्तातून या पाण्यात यायला काही मिनिटं घेतं, प्रोटीन्स मोठी असल्यामुळे हळू आणि कमी येतात, म्हणजे आधीच दुष्काळ त्यात हे. घामाचं काम याहून अवघड, तरी कॅलटेकमधल्या वेई गाओ यांच्या गटाने २०२३ मध्ये घामातलं सीआरपी मोजणारा पॅच दाखवला, तो त्वचेला हलकासा करंट देऊन बसल्या जागी घाम आणतो आणि घामाचं पीएच, तापमान, क्षार हेही मोजून आकडा दुरुस्त करून घेतो.

आणि शरीर काय गप्प बसणार नाही. आत काहीही परकं गेलं की काही मिनिटांत त्यावर प्रोटीनचा थर बसायला लागतो, आणि यात सगळ्यात पुढे अल्ब्युमिन, जे वजनाने आयएल-६ च्या सुमारे हजार कोटी पट असतं. मग पांढऱ्या पेशी येतात, काही आठवड्यांत भोवती तंतूंचं आवरण तयार होतं. नेहमीचे ग्लुकोज सेन्सर १०-१५ दिवसांनी बदलावे लागतात त्यात याचाही वाटा आहे. त्वचेखाली बसवायचा एव्हरसेन्स हा ग्लुकोज सेन्सर वर्षभर चालतो आणि अमेरिकेत त्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली, पण तो एन्झाइमवर चालत नाही, ग्लुकोजला हलकेच धरून सोडणाऱ्या आणि चमकणाऱ्या रसायनावर चालतो. हलकं धरणं परवडतं कारण ग्लुकोज मुबलक, परत तोच मुद्दा.

म्हणून मला वाटतं प्रोटीनचा सेन्सर पहिल्यांदा मनगटावरच्या घड्याळात येणार नाही, हॉस्पिटलमध्ये येईल, जिथे तो चार-पाच दिवस टिकला तरी पुष्कळ झालं. कॅन्सरवरची कार-टी थेरपी घ्या, यात पेशंटच्याच इम्यून सिस्टिमच्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडतात. २०१२ मध्ये ही थेरपी दिलेल्या ल्युकेमियाच्या एका लहान मुलीची तब्येत एकदम ढासळली, रक्तात आयएल-६ प्रचंड वाढलेलं सापडलं, आयएल-६ ला अडवणारं टॉसिलिझुमॅब हे मुळात संधिवाताचं औषध दिलं आणि ती वाचली. थेरपीच्या या दुष्परिणामासाठी ते औषध अमेरिकेत २०१७ पासून अधिकृत आहे. अशा पेशंटमध्ये आयएल-६ काही तासांत उसळतं, आणि सीआरपी त्याच्या मागून, शरीरात काही बिघडल्यावर सहा-एक तासांनी चढायला लागतं आणि शिखर गाठायला दोन दिवस घेतं. दिवसातून एकदा रक्त काढून ही उसळी वेळेवर पकडणं नशिबावर आहे, तिथे दर अर्ध्या तासाला येणारा कच्चा आकडासुद्धा डॉक्टरांना चालेल.