टाइप १ मधुमेहात उरलेले इन्सुलिन आणि सी-पेप्टाइडची साक्ष

टाइप १ मधुमेह झाला म्हणजे शरीरातले इन्सुलिन संपले, हे विधान आरोग्यविषयक लेखांतून आणि कित्येकदा दवाखान्यातल्या बोलण्यातूनही इतक्या ठामपणे केले जाते, की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. या आजारात रोगप्रतिकार यंत्रणेतील टी-पेशी स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचा नाश करतात हे खरे आहे. परंतु हा नाश सरसकट होत नाही. स्वादुपिंडाच्या एका भागातील बीटा पेशी पार नष्ट झालेल्या असताना शेजारच्या भागातल्या शाबूत आढळतात, आणि निदानाच्या वेळी बहुतेक रुग्णांचे शरीर थोडेफार इन्सुलिन तयार करतच असते. बोस्टनच्या जोस्लिन डायबेटीस सेंटरने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक काळ इन्सुलिन घेऊन जगलेल्या ४११ जणांची तपासणी केली, तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश व्यक्तींच्या रक्तात स्वतःच्या इन्सुलिननिर्मितीच्या खुणा सापडल्या. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले.

रोज इंजेक्शने घेणाऱ्या माणसाच्या रक्तातले स्वतःचे इन्सुलिन ओळखायचे कसे, हा इथला खरा प्रश्न आहे. टोचलेले मानवी इन्सुलिन आणि शरीरात बनलेले इन्सुलिन यांचा रेणू एकच असतो. शिवाय बीटा पेशींतून सुटलेले इन्सुलिन आधी यकृतात जाते आणि त्यातले निम्म्याच्या आसपास तिथेच खर्ची पडते. त्यामुळे इन्सुलिन मोजून काही कळत नाही. उत्तर मिळते ते सी-पेप्टाइडकडून, आणि हा रेणू कसा घडतो ते सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इन्सुलिनच्या रेणूत २१ अमिनो आम्लांची ए आणि ३० अमिनो आम्लांची बी अशा दोन साखळ्या गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत ही रचना उलगडली, तेव्हा पेशी दोन्ही साखळ्या वेगवेगळ्या बनवून मग जोडत असावी, असे मानले जात होते. शिकागो विद्यापीठातील डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये हा समज खोडून काढला. इन्सुलिन बनवणाऱ्या एका गाठीच्या ऊतीला त्यांनी किरणोत्सारी अमिनो आम्ले पुरवली आणि किरणोत्सार कुठे कुठे उतरतो याचा माग काढला. तो आधी इन्सुलिनपेक्षा मोठ्या एका प्रथिनात दिसला आणि मग इन्सुलिनमध्ये आला. हे मोठे प्रथिन म्हणजे प्रोइन्सुलिन. ती ८६ अमिनो आम्लांची एकच सलग साखळी असून तिच्या एका टोकाला बी, दुसऱ्या टोकाला ए आणि मध्ये एक जोडपट्टी असते.

या जोडपट्टीमुळे साखळी अशी दुमडते, की गंधकाचे बंध नेमक्या जागी जुळतात; दोन सुट्या साखळ्या प्रयोगशाळेत एकत्र केल्या तर चुकीच्या जोड्याच फार लागतात. दुमडण्याचे काम झाले, की पेशीतील सूक्ष्म पुटिकांमध्ये, म्हणजे पिशव्यांमध्ये, पीसी१/३ आणि पीसी२ ही विकरे (एन्झाइम) साखळी दोन ठिकाणी कापतात आणि कार्बोक्सिपेप्टिडेज ई हे तिसरे विकर कापलेल्या टोकांवरची शिल्लक अमिनो आम्ले खुडून टाकते. इन्सुलिनचे रेणू जस्ताच्या साहाय्याने सहा-सहाच्या गटांत स्फटिक होऊन बसतात, तर सुटी झालेली ३१ अमिनो आम्लांची जोडपट्टी, म्हणजेच सी-पेप्टाइड, त्याच पुटिकेत त्यांच्या भोवती राहते. जेवणानंतर ग्लुकोज पेशीत शिरते, त्याच्या विघटनातून एटीपी हा ऊर्जा वाहून नेणारा रेणू तयार होतो, त्यामुळे पेशीच्या आवरणातल्या पोटॅशियमच्या वाहिन्या मिटतात, कॅल्शियमच्या उघडतात आणि पुटिका पेशीबाहेर रिकामी होते. अशा वेळी इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर सी-पेप्टाइडचा एक रेणू रक्तात उतरतो. पावती फाडून दिली तरी स्थळप्रत मागे राहावी, तसा हा हिशेब आहे. यकृत सी-पेप्टाइडला जवळपास हात लावत नाही. रक्तात इन्सुलिनचे अर्धायुष्य चार-पाच मिनिटांचे, तर सी-पेप्टाइडचे सुमारे अर्ध्या तासाचे असते. आणि इन्सुलिनच्या कुपीत सी-पेप्टाइड नसते. म्हणून ते जेवढे सापडेल, तेवढे रुग्णाच्या स्वतःच्या बीटा पेशींनी बनवलेले असते. अहवाल वाचताना मात्र त्याच वेळची रक्तशर्करा पाहावी लागते, कारण साखर कमी असेल तर सी-पेप्टाइडही कमी भरते. मूत्रपिंडे अधू असतील तर ते साचून फसवे जास्त दिसते.

निदानानंतर इन्सुलिन सुरू केले, की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुष्कळ रुग्णांचा डोस बराच खाली येतो. डॉक्टर याला हनिमून फेज म्हणतात. वाढलेल्या साखरेच्या माऱ्याने मंदावलेल्या बीटा पेशींना बाहेरच्या इन्सुलिनमुळे विसावा मिळतो आणि त्या पुन्हा कामाला लागतात. टी-पेशींचा हल्ला मात्र चालूच असतो. नेमक्या याच काळात कोणी हितचिंतक ‘मधुमेह मुळापासून बरा’ करणारा काढा किंवा पुडी घेऊन येतो, उतरलेल्या डोसचे श्रेय त्या पुडीला जाते आणि इन्सुलिन बंद केले जाते. मग चरबीच्या विघटनातून बनणारे किटोन रक्तात साचून ते आम्लधर्मी होते, मूल उलट्या करू लागते, धापा टाकते, आणि किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये त्याचा जीवही जाऊ शकतो. असे औषध विकणे हा माझ्या मते शुद्ध गुन्हा आहे. ज्याचा दावा असेल त्याने इन्सुलिन चालू ठेवून आधीचे आणि नंतरचे सी-पेप्टाइडचे आकडे दाखवावेत.

उरलेल्या या थोड्या इन्सुलिनचे मोल मोठे आहे. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ रुग्णांवर झालेल्या डीसीसीटी या चाचणीत, ज्यांचे सी-पेप्टाइड पोषक पेय घेतल्यावर लिटरमागे ०.२ नॅनोमोल किंवा त्याहून अधिक टिकून होते, त्यांच्यात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग आणि डोळ्यांच्या पडद्याचे विकार कमी आढळले. आणि साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवलेल्या गटात ही निर्मिती अधिक काळ टिकली. टेप्लिझुमॅब हे टी-पेशींना आवर घालणारे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झाले. आजार उघड होणे ते पुढे ढकलते, आणि नव्याने निदान झालेल्या मुलांमध्येही त्याने सी-पेप्टाइडची घसरण मंदावल्याचे २०२३ मध्ये दिसले. त्याला ‘मधुमेहावरचा रामबाण’ म्हणणाऱ्या बातम्या चुकीच्या आहेत, कारण या मुलांची इन्सुलिनची गरज संपली नाही.

सी-पेप्टाइड मोजण्याइतकेही न उरलेल्या अनेक जुन्या रुग्णांच्या रक्तात आता प्रोइन्सुलिन सापडू लागले आहे. याचा अर्थ, काही बीटा पेशी अजून जिवंत आहेत आणि सलग साखळीही तयार करत आहेत, पण ती कापण्याचे काम पुरे होत नाही. अशा स्वादुपिंडांत पीसी१/३ हे विकरही घटलेले आढळते. त्यामुळे पेशी वाचवण्याबरोबरच, वाचलेल्या पेशींमधली ही कापणी पुन्हा सुरळीत करता येईल का, यावरही आता संशोधन होत आहे.