वेबसाठी चित्र ७२ डीपीआयचंच हवं?
"वेबसाइटचं चित्र ७२ डीपीआयमध्येच सेव्ह करा, नाहीतर पान जड होतं," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके. तो अगदीच हवेतून आलेला नाही. १९८४च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते.

पण डीपीआय ही फाइलमधली छपाईपुरती नोंद. १२०० पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० डीपीआयला ४ इंच छापलं जाईल, ७२ला साधारण १६.७ इंच. पिक्सेल तेवढेच, आणि ब्राउझर सहसा तेच बघतो.

करून बघा: एडिटरमध्ये 'रीसॅम्पल' (पिक्सेलची संख्या बदलणारा पर्याय) बंद ठेवून फक्त हा आकडा बदला आणि दोन प्रती सेव्ह करा. दोन्हींचं वजन जवळपास सारखंच भरेल. रीसॅम्पल चालू असेल तर आकड्याबरोबर पिक्सेलही घटतात, फाइल हलकी होते आणि श्रेय मात्र बिचाऱ्या ७२ला मिळतं!