चहा महागला नव्हता, स्वस्त झाला होता!

ब्रिटनने चहावरचा कर वाढवला, म्हणून बोस्टनकरांनी चहा समुद्रात फेकला आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, ही गोष्ट आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. ती उलटी आहे.

पौंडभर (वजनाचा पौंड) चहामागे ३ पेन्स हा कर १७६७ पासूनचा. १७७३ च्या ब्रिटिश चहा कायद्याने तो वाढवला नाही. उलट, कर्जात बुडालेल्या ईस्ट इंडिया कंपनीला (हो, आपलीच ती, जिच्या मुंबईकर साहेबांनी मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला) ब्रिटनमधली जकात माफ झाली आणि अमेरिकेतल्या वसाहतींत निवडक अडत्यांमार्फत थेट माल विकायची मुभा मिळाली. चहा स्वस्त झाला. पोटात दुखलं ते डावललेल्या व्यापाऱ्यांच्या आणि चोरट्या डच चहावर गबर झालेल्यांच्या.

पण फक्त धंद्याचा राग होता असंही नाही. स्वस्त चहा घ्यायचा म्हणजे, जिथे आपला एकही प्रतिनिधी नाही त्या पार्लमेंटचा कर बसवायचा हक्क मुकाट मान्य करायचा. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या त्या यासाठी.

तरीही युद्ध लगेच झालं नाही. १७७४ मध्ये ब्रिटनने बोस्टन बंदर बंद केलं, बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सच्या स्वराज्याला कात्री लावली. तेव्हा कुठे इतर वसाहती एकवटल्या. १९ एप्रिल १७७५ ला बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनमध्ये गोळी सुटली आणि युद्ध सुरू झालं, त्यानंतरही जुलैत वसाहतींच्या काँग्रेसने (प्रतिनिधींच्या सभेने) राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला होता. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला थेट जुलै १७७६ मध्ये.