ॲस्बेस्टॉस सर्वेक्षण (ठाणे–नवी मुंबई)

ॲस्बेस्टॉस सर्वेक्षण म्हणजे एखाद्या इमारतीत, कारखान्यात किंवा आवारात ॲस्बेस्टॉस असलेले साहित्य कुठे, किती आणि कोणत्या अवस्थेत आहे हे शोधून त्याची नोंदवही करण्याची पद्धत. इमारतीची देखभाल पाहणारे सेक्रेटरी, इस्टेट मॅनेजर, सुपरवायझर, प्लंबर, फॅब्रिकेटर यांना ते साहित्य ओळखायला आणि न छेडायला शिकवणे हा या कामाचाच भाग मानला जातो. ठाणे व नवी मुंबई परिसरात लोक ज्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात तो बहुधा ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा असतो. बोलीतल्या या नावात खनिजाचा उल्लेखच नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे ॲस्बेस्टॉस नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या सेक्रेटरीच्या डोक्यावरच तो पत्रा असतो.

पदार्थ आणि त्याचा अपाय

ॲस्बेस्टॉस हे सहा तंतुमय सिलिकेट खनिजांचे सामायिक नाव आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न विझणारा’. व्यापारात तीन प्रकार महत्त्वाचे ठरले : पांढरा (क्रायसोटाइल), तपकिरी (ॲमोसाइट) आणि निळा (क्रोसिडोलाइट). न जळणारा, न कुजणारा, आम्लाला बऱ्यापैकी दाद न देणारा आणि स्वस्त, असा हा पदार्थ विसाव्या शतकात बॉयलरपासून ब्रेकपर्यंत सगळीकडे शिरला. भारतात आज मुख्यतः पांढरा प्रकार वापरला जातो, आणि तोही सिमेंटच्या पत्र्यांत. तो परदेशातून येतो. रशिया, कझाकस्तान आणि ब्राझील हे प्रमुख पुरवठादार. गंमत अशी, की ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये देशातल्या वापरावर बंदी घातली, पण त्यानंतरही तिथून आशियाकडे निर्यात चालू राहिली.

अपाय तंतूंचा आहे, आणि तो श्वासातून होतो. पत्रा तुटला, घासला किंवा कापला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. मोजणीत ५ मायक्रोमीटरपेक्षा लांब, ३ मायक्रोमीटरपेक्षा बारीक आणि रुंदीच्या किमान तिप्पट लांबीचा तंतू धरतात. फुप्फुसात रुतलेला तंतू शरीराला सहजी बाहेर काढता येत नाही. त्यातून ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुसे घट्ट होत जाणे), फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होतो. स्वरयंत्र व बीजांडकोश यांच्या कर्करोगांशीही त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासह सर्व प्रकार पहिल्या गटात, म्हणजे माणसात नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांत, घातले आहेत. तंतू श्वासात घेणारा माणूस विडी-सिगारेटही ओढत असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. रोग बाहेर पडायला दहा ते चाळीस वर्षे, कधी त्याहून जास्त काळ जातो. तोवर कामगार निवृत्त होऊन गावी गेलेला असतो. त्याचे धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या बायकोलाही हा आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत.

तरीही साबूत, न छेडलेला पत्रा आणि बॉयलरच्या पाइपभोवतीचे भुसभुशीत लेपन यांना एकाच तराजूत तोलणे चूक आहे. पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास किंवा कमी असते आणि तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. जुने लेपन मात्र हाताने चुरडते. हा फरक कळावा यासाठीच सर्वेक्षण करायचे.

ठाणे आणि नवी मुंबईत तो कुठे सापडतो

ठाण्याच्या वेशीवर, मुलुंडमध्ये, अशा पत्र्यांचा कारखाना अनेक वर्षे चालला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच काळात वागळे इस्टेट उभी राहिली. खाडीपलीकडे दिघा-ऐरोलीपासून नेरुळपर्यंत ठाणे–बेलापूर रस्त्यालगत टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा वाढला. त्या काळची शेड म्हणजे लोखंडी कैच्या आणि वर पन्हळी सिमेंटचे पत्रे, हे ठरलेलेच. शेडच्या आत बॉयलर, रिॲक्टर, वाफेच्या लाइनी असायच्या. त्यांच्यावरचे उष्णतारोधक लेपन, फ्लँजमधले (पाइपांच्या जोडातले) ‘सीएएफ’ म्हणजे दाबलेल्या ॲस्बेस्टॉस तंतूंचे गास्केट, भट्टीच्या दाराची दोरी, मिलबोर्ड (ॲस्बेस्टॉसचा जाड पुठ्ठा), जुन्या विद्युत पॅनेलमधले बोर्ड, लिफ्टच्या ब्रेकचे लायनर ही सगळी संशयित ठिकाणे आहेत. रबाळे-महापे भागात यांपैकी बरेच रासायनिक कारखाने पाडून आयटी पार्क आणि डेटा सेंटर उभी राहत आहेत. या परिसरातला सर्वांत गंभीर ॲस्बेस्टॉस त्या पाडकामात निघू शकतो. पत्रा सगळ्यांना दिसतो, लेपन गॅल्व्हनाइज्ड आवरणाखाली झाकलेले असते.

वस्तीत चित्र वेगळे. किसननगर, लोकमान्यनगर, दिघा, तुर्भे स्टोअर भागांतल्या चाळी आणि झोपड्यांवर सिमेंटचे पत्रे आहेत. २०११ च्या जनगणनेने छपराचे साहित्य विचारताना ‘जीआय, धातू, ॲस्बेस्टॉस पत्रे’ हा एकच रकाना ठेवला होता. त्यामुळे किती घरांवर यांपैकी नेमके काय आहे ते त्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. सोसायट्यांत पंपरूम, सायकल स्टँड, वॉचमनची खोली, जिन्याच्या डोक्यावरची गच्चीतली खोली आणि मागच्या भिंतीवरून उतरणारे राखाडी पाइप ही पाहण्याची ठिकाणे. गच्चीवरचे अलीकडचे रंगीत पत्रे धातूचे असतात, त्यांचा इथे संबंध नाही. सर्वांत दुर्लक्षित जागा मात्र पंपरूमच्या मागचा ढीग. बदललेले पत्रे ‘कधीतरी लागतील’ म्हणून तिथे रचले जातात. मग कुंड्यांखाली, गटारावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर त्यांचे तुकडे जातात आणि मुले त्यावर उड्या मारतात.

इथला पाऊस हाही या विषयाचा भाग आहे. दरवर्षी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस सोसून पत्र्याचा सिमेंटचा वरचा थर झिजतो, शेवाळ धरतो आणि तंतू उघडे पडतात. ते पन्हळीतून वाहून पागोळीखाली आणि गटारात साचतात. मे महिन्यात शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा प्रेशर जेट मारण्याची पद्धत म्हणूनच वाईट. वादळ ही दुसरी बाब. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा छपरे उडाली आणि फुटक्या पत्र्यांचा सडा पडला. तो लोकांनी साहजिकच उघड्या हातांनी आवरला.

सर्वेक्षण कसे होते

पद्धतीचा सर्वांत तपशीलवार आराखडा ब्रिटनमध्ये तयार झाला. तिथे निळ्या व तपकिरी प्रकारांवर १९८५ मध्ये आणि पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी आली, पण जुन्या इमारती राहिल्याच. २०१२ च्या नियमांनुसार तिथे बिगरनिवासी इमारतींच्या व्यवस्थापकावर ॲस्बेस्टॉस सांभाळण्याचे कर्तव्य आहे. सर्वेक्षणाचे दोन प्रकार मानतात. इमारत वापरात असताना, फारशी तोडफोड न करता करायचे ते व्यवस्थापन सर्वेक्षण. दुरुस्ती किंवा पाडकामाआधी भिंती, आढे, डक्ट उघडून करायचे ते दुसरे. ठाणे-नवी मुंबईत परदेशी मालकीच्या काही कंपन्या हाच आराखडा वापरतात.

काम कागदापासून सुरू होते : जुने नकाशे, खरेदीची बिले, बॉयलरची फाइल, आणि तीस वर्षे त्याच जागी असलेला एखादा फिटर. त्याच्याइतकी माहिती कोणत्याही नकाशात नसते. मग जागेवर फेरी, फोटो, मोजमाप. नुसत्या नजरेने खात्री होत नाही, कारण हल्ली ॲस्बेस्टॉसविरहित तंतू-सिमेंटचे पत्रेही मिळतात आणि ते हुबेहूब तसेच दिसतात. नमुना घेताना जागा साबणाच्या पाण्याने भिजवतात, कडेचा छोटा तुकडा काढतात, दोन पिशव्यांत सील करतात आणि उघडी पडलेली कड रंगाने किंवा टेपने बंद करतात. प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचा प्रकार ओळखतात. हवेतल्या तंतूंची मोजणी वेगळी असते. त्यासाठी मेंब्रेन फिल्टरमधून हवा ओढून तंतू मोजतात. भारतीय मानक आयएस ११४५० त्याबद्दल आहे.

प्रत्येक वस्तूला गुण देतात. साहित्याचा प्रकार, नुकसान, पृष्ठभागावरचे आवरण आणि ॲस्बेस्टॉसचा प्रकार या चार बाबींना जास्तीत जास्त तीन-तीन गुण. बेरीज दहा किंवा जास्त आली तर तंतू सुटण्याची शक्यता मोठी, चार किंवा कमी असेल तर अगदी थोडी. त्यावरून काढायचे, झाकायचे, रंगवायचे की तसेच ठेवून दर वर्षी पाहायचे ते ठरते. नमुन्यांचा खर्च परवडत नसेल तर ‘जुना सिमेंटचा पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉस’ असे गृहीत धरून नोंद करण्याची मुभा आहे. लहान सोसायटीसाठी हाच शहाणपणाचा मार्ग.

नोंदवही कपाटात राहिली तर सगळे व्यर्थ. केबल टाकायला आलेल्या मुलाने ड्रिल लावण्याआधी ती त्याला दाखवायची असते.

कायदा

भारतात ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. २०११ मध्ये अशी बंदी घालण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. त्याआधी, २७ जानेवारी १९९५ च्या निकालात, त्याच न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर, ठेवण्याचा आदेश दिला होता. ॲस्बेस्टॉसिस हा १९४८ च्या कारखाने अधिनियमात सूचित करण्याजोगा (म्हणजे आढळल्यास सरकारला कळवणे बंधनकारक असलेला) रोग होता आणि नव्या श्रम संहितेतही तो आहे. हे सगळे कारखान्याच्या फाटकाशी थांबते. निवासी इमारतीचे ॲस्बेस्टॉस सर्वेक्षण करण्याची सक्ती नाही. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण सांगितले आहे, पण ते परीक्षण स्लॅब-बीम-कॉलमचे. त्याच फेरीत अभियंत्याला पत्रे आणि पाइपही लिहून घ्यायला सांगितले तर खर्च जवळपास वाढत नाही. वाशीच्या सिडको इमारतींचा पुनर्विकास आणि ठाण्यातला समूह पुनर्विकास पाहता ही यादी पाडकामाच्या निविदेला जोडण्याची वेळ आता आहे.

प्रशिक्षण

जाणीव-प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचे असते. त्याने कोणालाही पत्रे काढण्याची पात्रता येत नाही. उलट कधी थांबायचे तेच त्यात शिकवतात. या भागातले मजूर मराठी, हिंदी, भोजपुरी बोलणारे, तेव्हा इंग्रजी स्लाइडपेक्षा पत्र्याचा सीलबंद तुकडा आणि गास्केटचा नमुना हातात देणे जास्त उपयोगी पडते. मुद्दे थोडे : ग्राइंडर लावू नका, कोरडे झाडू नका, फोडून खाली टाकू नका, फुटलेच तर माणसे बाजूला करा, पाण्याने भिजवा, सुपरवायझरला कळवा. कोरोनाकाळातला कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे निरुपयोगी आहे; एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा लागतो, आणि दाढीवर तोही नीट बसत नाही.

एक गोष्ट प्रशिक्षणात तंतूंच्याही आधी यायला हवी. हे पत्रे ठिसूळ असतात. गळती बुजवायला वर चढलेला माणूस पत्रा फुटून खाली पडणे हा शेडमधला नेहमीचा जीवघेणा अपघात. तंतूंचा रोग तीस वर्षांनी येतो, हा अपघात त्याच क्षणी होतो. वर जायचेच तर रुंद फळ्या, सेफ्टी बेल्ट आणि खाली जाळी हवी. जे-बोल्टच्या (पत्रा खालच्या लोखंडाला धरणाऱ्या आकड्यांच्या) रांगेवरून गेले की धोका नाही, असा मुकादमांचा समज आहे. गंजलेल्या जुन्या शेडवर तो खरा ठरत नाही.

विल्हेवाट

पत्रे काढताना आधी भिजवतात, बोल्ट कापून अखंड उतरवतात, जाड प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून चिठ्ठी लावतात. ॲस्बेस्टॉस कचऱ्यासाठी आयएस ११७६८ हे मानक आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत टाकून दिलेला ॲस्बेस्टॉस येतो, मात्र तो उत्पादन प्रक्रियेच्या शीर्षकाखाली. घातक कचऱ्याची सुरक्षित भरावभूमी महापे आणि तळोजा या दोन्ही ठिकाणी आहे, म्हणजे अंतराची सबब या परिसराला सांगता येत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेले कारखाने माल तिथे पाठवतात आणि प्रत्येक खेपेबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे माल कुठून कुठे गेला याचा कागद, जातो. सोसायटीचे पत्रे मात्र भंगारवाल्याकडे किंवा रात्री खाडीकाठी डेब्रिजच्या डंपरमधून जातात. पुनर्विकासात विकासकाशी करार करतानाच पत्र्यांची संख्या, ते कुठे जाणार आणि मॅनिफेस्टची प्रत सोसायटीला मिळणार, ही तीन वाक्ये घालता येतात. माल पाठवण्यासाठी भरावभूमीकडे सदस्य म्हणून नोंद विकासकाची किंवा त्याच्या पाडकाम ठेकेदाराची करायची असते, आणि ती पत्रे उतरवण्याच्या आधी.