ॲनिमेशनसाठी फोटो देण्याआधी

पैठणीच्या दुकानाची जाहिरात असो, शाळेचा धडा असो की लग्नाची हलती पत्रिका, ग्राहक मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "एवढा फोटो टाका त्यात." टाकायला क्षणभर पुरतो. वेळ जातो तो फोटोवर काम करण्यात. ते काम कसं चालतं हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून हे पत्रक.

मोबाइलचा फोटो म्हणजे बिटमॅप, रंगीत ठिपक्यांची जाळी. पैठणीचा पदर डोळ्याजवळ धरून पाहा. लांबून डौलदार दिसणारा मोर उभ्या-आडव्या धाग्यांनी भरलेला असतो आणि त्याच्या मानेचा बाक पायऱ्यापायऱ्यांचा असतो. फोटोतले ठिपके, म्हणजे पिक्सेल, तसेच. ८०० पिक्सेल रुंदीचा फोटो १९२० पिक्सेलच्या पडद्यावर ताणला की तो पुसट होणारच; ताणल्याने नवे धागे येत नाहीत. आम्ही ॲनिमेट किंवा इंकस्केप या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये काढतो ते चित्र मात्र व्हेक्टर, म्हणजे रेषांच्या गणितावर उभं. ते कितीही मोठं करा, कड साफ राहते.

ॲनिमेटमध्ये आणलेला फोटो एकसंध असतो, त्यातला नुसता हात धरून हलवता येत नाही. त्यासाठी आधी 'ब्रेक अपार्ट' करतो, म्हणजे एकसंध फोटो सुटा करतो. मग मॅजिक वाँड या अवजाराने सारख्या रंगाची पार्श्वभूमी निवडून पुसता येते, लॅसोने हवा तो भाग कापता येतो. पण पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा सदरा घातलेले आजोबा असले, तर वाँड भिंतीबरोबर सदराही उचलते आणि कड हातानेच कापावी लागते. फोटो काढताना मागे गडद चादर लावा, एवढी विनंती.

दुसरी वाट 'ट्रेस बिटमॅप'ची. यात ठिपक्यांचे व्हेक्टर आकार होतात. किती जवळचे रंग एकच धरायचे, किती बारीक ठिपके सोडून द्यायचे, हे आम्ही ठरवतो. लोगो, सही, रांगोळी, काठावरची नक्षी यांना ही पद्धत फार छान बसते. चेहऱ्याला आम्ही ती लावत नाही, कुणी आग्रह केला तरी. गालावरच्या सावल्यांचे डाग होतात, माणूस ओळखू येत नाही. बारकावे राखायला गेलं तर आकारांची संख्या इतकी वाढते की फाइल मूळ फोटोहून जड होऊ शकते. चेहरा फोटो म्हणूनच ठेवावा किंवा त्यावरून हाताने चित्र काढावं. हाताच्या चित्राचे पैसे वेगळे पडतात. त्यामागे खरी मेहनत असते.

जुन्या फोटोवरचे डाग आधी जिंप या फोटो-दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्ये काढतो. दुरुस्त फाइल ॲनिमेटच्या लायब्ररीत, म्हणजे आत आणलेल्या चित्रांच्या साठ्यात, अपडेट केली की चित्रफितीत तो फोटो जिथे जिथे आहे तिथे बदलतो. ट्रेस केलेल्या चित्राचं तसं नाही, त्याचं मूळ फोटोशी नातं तुटलेलं असतं. म्हणून लोगो बदलायचा विचार असेल तर ट्रेस करण्याआधी सांगा.

लोगो पीएनजी द्या. जेपीजीत पारदर्शक भाग राहत नाही, मागे पांढरा चौकोन येतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबून लहान होतो.

आणि आजी-आजोबांचा भिंतीवरचा फोटो काचेवरून मोबाइलने टिपू नका, खिडकी आणि ट्यूबलाइट त्यात उमटते. फ्रेमसकट घेऊन या. तुमच्यासमोर उघडू, स्कॅन करू आणि लगेच परत बसवून देऊ.