पाटातलं झाकण आणि गड्ड्यावरचा पाळणा

भाची बीएस्सी सेकंड इयरला आहे, मॅथ्स घेतलंय. परवा रविवारी घरी आली ती तोंड पाडूनच. अर्ध सेमिस्टर नुसतं मॅट्रिक्स मॅट्रिक्स आणि आता अचानक डायव्हर्जन्स, कर्ल, ते उलट्या त्रिकोणाचं चिन्ह, आणि म्हणे मामा, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, एकाच कोर्सात का कोंबल्यात? मी माझ्या वेळेला हा पेपर दुसऱ्या झटक्यात काढलेला माणूस, म्हणजे पहिल्यांदा नापास. पण प्रश्न तिचा बरोबर आहे, आणि मलाही तेव्हा कुणी उत्तर दिलं नव्हतं, रो ऑपरेशन करा, उत्तर काढा, चला पुढं, एवढंच. संबंध आहे आणि लई घट्ट आहे.

आधी मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेला आकड्यांचा तक्ता. आमचं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं, तिथं मागाची खटखट ऐकल्याशिवाय झोप लागायची नाही. शेजारी तेलुगू बोलणारे एक काका हातमागावर बसायचे. साध्या मागाचं काम असं असतं, उभे धागे असतील हजार-दोन हजार, पण प्रत्येक धागा ओवलेला असतो चार चौकटींपैकी कुठल्यातरी एकीत. पायाखालचं पेडल दाबलं की त्याला बांधलेली चौकट वर जाते, तिच्यातले सगळे धागे वर, मधनं धोटा सर्रकन गेला की एक आडवा धागा बसला. मग दुसरं पेडल.

आता बघा, इथं तीन तक्ते झाले. कुठला धागा कुठल्या चौकटीत, हा एक. कुठल्या पेडलला कुठल्या चौकटी बांधल्यात, हा दुसरा. आणि कितव्या ओळीला कुठलं पेडल दाबायचं, हा तिसरा. तिन्हीत फक्त शून्य नाहीतर एक. हे तीन तक्ते ओळीने लावून मॅट्रिक्सच्या नियमाने गुणले, तेच ते ओळ गुणिले स्तंभ ज्याला सगळी पोरं वैतागतात, की उत्तर येतं ते थेट कापडावरचं डिझाइन, जिथं उभा धागा वर दिसणार तिथं एक, बाकी शून्य. म्हणजे गुणाकाराचा तो नियम कुणी पोरांना छळायला काढलेला नाही, ओळीवरनं पेडल, पेडलवरनं चौकट, चौकटीवरनं धागा, अशी साखळी जोडायचा तो हिशोब आहे.

आणि रँक, म्हणजे तक्त्यातल्या किती ओळी खरोखर वेगळ्या आहेत, बाकीच्यांपासून बेरीज-वजाबाकी-गुणाकार करून बनवता न येणाऱ्या. ही गोष्ट मला परीक्षेत कधी कळली नाही, मागावर कळली. चौकटी चार असतील तर एका चौकटीतले धागे कायम बरोबरच वर आणि बरोबरच खाली, मग कापड कितीही रुंद विणा, दोन हजार धागे लावा, वेगळ्या तऱ्हेच्या उभ्या ओळी जास्तीत जास्त चारच मिळणार. त्या डिझाइनच्या मॅट्रिक्सची रँक चारच्या वर जाऊच शकत नाही. भलामोठा मोर काढायचाय? नाही जमणार, चौकटीच तेवढ्या नाहीत. 1804 मध्ये फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारं यंत्र आणलं त्याची गंमत हीच, की एका रिपीटमधला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीच्या एका तुकड्यातला, प्रत्येक उभा धागा स्वतंत्र उचलता यायला लागला, चौकटींची अट गेली. सोलापुरी चादरीवरचे मोर-फुलं जॅकार्डवरच येतात ते यामुळं. (मॅट्रिक्स हा शब्द 1850 मध्ये सिल्व्हेस्टर या इंग्लिश गणितज्ञाने वापरला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय. त्यातनं डिटरमिनंट, म्हणजे चौकोनी तक्त्यावरनं काढायचा एक आकडा, जन्माला येतात म्हणून. माणूस कविताही करायचा, काय बोलणार.)

आता दुसरी बाजू. व्हेक्टर फील्ड म्हणजे काय तर जागोजागी एकेक बाण. उसाच्या शेतात पाटाचं पाणी चाललंय, प्रत्येक ठिकाणी पाण्याला वेग आहे आणि दिशा आहे, झालं. पाणी वळतं, रेंगाळतं, बांधाला घासतं, सगळा गुंता. पण सोलापूरहून पंढरपूरला जाताना पृथ्वी गोल आहे असं कधी वाटतं का? जवळनं बघितलं की गोल वस्तू सपाट दिसते, तसंच पाण्याच्या एका ठिपक्यापाशी पार जवळ गेलं की तो गुंता सरळसोट होतो. तिथनं जरा उजवीकडे सरकलं तर वेग किती बदलतो, जरा पुढं सरकलं तर किती बदलतो, आणि वेगाला स्वतःचे दोन भाग, म्हणजे एकूण चार आकडे. दोन बाय दोनची मॅट्रिक्स. हिला जॅकोबियन म्हणतात, आणि माझ्या मते अख्ख्या कोर्सातली महत्त्वाची वस्तू हीच आहे, जी आम्हाला शेवटच्या आठवड्यात घाईघाईत उरकून दाखवली होती. या मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या दोन आकड्यांची बेरीज, जिला पहिल्या अर्ध्यात ट्रेस म्हणून पाठ केलं, तीच डायव्हर्जन्स. उरलेल्या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे कर्ल. बास. तीन मितींत आकडे नऊ होतात आणि वजाबाक्या तीन, म्हणून तिथं कर्ल स्वतःच व्हेक्टर होतो.

डायव्हर्जन्स सोपा आहे, एखाद्या ठिकाणाहून पाणी बाहेर पसरतंय की आत गोळा होतंय. पाणी दाबून लहान होत नाही आणि मधेच उगवत नाही, त्यामुळं ते शून्य.

कर्लमध्ये मात्र सगळे फसतात, मीपण फसलो. पुस्तकात लिहिलेलं असतं कर्ल म्हणजे फिरणं, आणि आपण भोवरा डोळ्यासमोर आणतो. त्यापेक्षा पाटात सोड्याच्या बाटलीचं गोल झाकण सोडून बघा. पाणी सरळ चाललंय, भोवरा कुठंच नाही. पण काठाला पाणी जवळजवळ थांबलेलं असतं आणि मधे जोरात. समजा काठापासून दर सेंटिमीटरला वेग सेकंदाला 2 सेंटिमीटरनं वाढतो. मग मॅट्रिक्समध्ये तीन शून्य आणि एक 2, ट्रेस शून्य, वजाबाकी 2 (दिशेचं चिन्ह सध्या सोडा). पाण्यात तरंगणारी छोटी गोल वस्तू कर्लच्या निम्म्या वेगानं फिरते, म्हणजे सेकंदाला 1 रेडियन, साधारण सव्वासहा सेकंदाला एक फेरी. झाकण सरळ पुढं जातंय आणि जाता जाता स्वतःभोवती गिरकी घेतंय, कारण त्याच्या एका बाजूचं पाणी पळतंय नि दुसऱ्या बाजूचं रेंगाळतंय.

आता याच्या उलट. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला होम मैदानावर गड्डा भरतो, तिथला आकाशपाळणा आठवा. तुम्ही पूर्ण चक्कर मारता पण डोकं कायम वरच, पाळण्याच्या डब्यानं स्वतः गिरकी घेतलेली नसते. शेजारी पोरांचा लाकडी घोड्यांचा चक्री पाळणा असतो, तिथं घोड्याचं तोंड एका फेरीत चारी दिशांना वळतं. भोवऱ्यात भोकापासून जसजसं लांब जावं तसा वेग अंतराच्या प्रमाणात कमी होत असेल, दुप्पट अंतराला निम्मा, तर तिथं कर्ल शून्य येतो. पाणी डोळ्यादेखत गोल फिरतंय आणि कर्ल शून्य! त्यातलं झाकण आकाशपाळण्यासारखं जातं.

मग फिरणं गेलं कुठं? इथं स्टोक्सचं प्रमेय येतं, एखाद्या वेढ्याभोवती चक्कर मारताना वेगाची जी बेरीज होते तीच आतल्या सगळ्या कर्लची बेरीज असते. हे प्रमेय स्टोक्सला सुचलेलं नाही बरं का, 1850 मध्ये केल्व्हिन या शास्त्रज्ञाने त्याला पत्रात कळवलेलं, आणि स्टोक्सनं 1854 मध्ये केंब्रिजच्या स्मिथ्स प्राइझच्या परीक्षेत ते प्रश्न म्हणून टाकलं. त्या परीक्षेला बसलेल्या पोरांत एक होता मॅक्सवेल, ज्यानं पुढं याच भाषेत वीज आणि चुंबक एकत्र मांडले आणि कर्ल हा शब्दही त्याचाच. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, म्हणजे आमचे सर सिलॅबसच्या बाहेरचं विचारतात ते जुनंच आहे तर.

पण तिचं समाधान नव्हतं झालं. वेढ्याभोवती बेरीज आहे, आत कर्ल शून्य, मग प्रमेय खोटं का? म्हटलं चल. बाथरूममध्ये खाली भोक असलेलं जुनं टब आहे, ते भरलं, झाकणावर पेननं बाण काढला, बूच काढलं आणि पाणी हातानं जरा घुसळलं. आमच्याकडं पाणी रोज येत नाही हे त्या क्षणी दोघांच्याही लक्षात नव्हतं. झाकण लांबनं भोकाभोवती चकरा मारत होतं आणि बाण बऱ्यापैकी दाराकडंच. एक फेरी, दोन फेऱ्या, तरी दाराकडंच. मग ओढत ओढत मधोमध आलं आणि भोकावर जाऊन असं गरागरा फिरायला लागलं की बाणच दिसेना. "सगळा कर्ल इथं साठवलाय होय," भाची म्हणाली, आणि तेवढ्यात झाकण भोकात अडकून बसलं आणि बाहेरनं आईचा आवाज, "काय करलालाव रे दोघं, पाणी आता परवा येणार हाय!"