कार्बन फायबर सायकलच्या भागांची तपासणी

सायकल पडल्यावर, कशावर आदळल्यावर किंवा बरीच वर्षे वापरल्यावर तिचा कार्बन फायबरचा एखादा भाग अजून भरवशाचा आहे की नाही, हे ठरवण्यासाठी केली जाणारी पाहणी. फ्रेम (सांगाडा), फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा), हँडलबार, स्टेम (हँडलबारला फोर्कशी जोडणारा तुकडा), सीटपोस्ट (सीटखालचा दांडा), रिम आणि क्रँक (पेडलचा दांडा) हे भाग तिच्यात येतात. धातूचे भागही झिजतात, तडकतात. पण जबर मार बसला की स्टीलची नळी वाकते, ॲल्युमिनियमला पोचा पडतो आणि नुकसान डोळ्यांना दिसते. कार्बन वाकून राहत नाही. टोल्याखाली तो क्षणभर दबतो आणि लगेच मूळ आकारात येतो. तेवढ्यात आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात आणि वरचा रंग मात्र जसाच्या तसा राहतो. विमानांच्या देखभालीत जेमतेम दिसणाऱ्या अशा आघाताच्या नुकसानीला स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता आहे. सायकलच्या बाबतीत हा धोका तितक्या गांभीर्याने घेतला जात नाही, तो घ्यायला हवा.

कार्बनचा एकेक तंतू साधारण 5 ते 7 मायक्रोमीटर जाडीचा असतो. लांबीच्या दिशेने ओढ सोसण्यात तो वजनाच्या मानाने पोलादाला कितीतरी मागे टाकतो, पण तंतूंना एकत्र धरून ठेवायला इपॉक्सी रेझिन (वाळून कडक होणारा चिकट पदार्थ) लागते. फ्रेम बनवताना रेझिनमध्ये भिजलेल्या तंतूंचे पातळ पदर वेगवेगळ्या कोनांत एकावर एक रचतात, साच्यात दाब देतात आणि उष्णतेने पक्के करतात. चालवताना जोर कुठून कुठे जाणार, हे धरून पदरांच्या दिशा ठरतात. त्यामुळे पेडलचा जोर वर्षानुवर्षे सहज पेलणारी नळी बाजूने दगड लागला तर दगा देऊ शकते. दोन पदरांच्या मध्ये आडवे तंतू नसतात, केवळ रेझिन असते, आणि फूट तिथेच पडते. हलक्या फ्रेमच्या टॉप ट्यूबची (सीटकडून हँडलबारकडे जाणाऱ्या वरच्या नळीची) भिंत मधोमध जेमतेम मिलिमीटरभर जाड असते. दुरुस्तीच्या स्टँडचा जबडा तिथे आवळला, तर सायकल न पडताही ती चिरडते. म्हणून स्टँडमध्ये धरायची ती सीटपोस्टला.

सुरुवातीच्या कार्बन सायकलींत कार्बनच्या नळ्या धातूच्या जोडांमध्ये चिकटवलेल्या असत. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने 1986 साली टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली ती कार्बनच्या नळ्यांच्या सायकलीवर. त्याच सुमारास केस्ट्रेल 4000 ही संपूर्ण कार्बनची, साच्यातून काढलेली फ्रेम बाजारात आली. 1992च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने लोटस कंपनीच्या एकसंध कार्बन सायकलीवर सुवर्णपदक मिळवले, तेव्हा ही रचना जगभर दिसली. तपासणीच्या दृष्टीने या दोन पिढ्या वेगळ्या आहेत. जुन्या फ्रेममध्ये आधी पाहायचा तो चिकटवलेला जोड: तिथे गोंद सुटलेला असू शकतो, किंवा ओल आणि घाम पोहोचून कार्बनला लागलेले ॲल्युमिनियम गंजलेले असू शकते. या गंजाची पांढरी भुकटी आणि फुगलेला रंग कडेला दिसतो. एकसंध फ्रेममध्ये असे ठरावीक ठिकाण नसते, मार कुठे लागला हेच आधी शोधावे लागते.

म्हणून पाहणीची सुरुवात विचारपुशीने होते. सायकल कोणत्या कुशीवर पडली? समोरून आदळली असेल, तर फोर्क, हेड ट्यूब (फ्रेमची पुढची नळी, जिच्यात फोर्क बसतो) आणि डाउन ट्यूबचा (तिथून पेडलकडे उतरणाऱ्या नळीचा) वरचा भाग संशयाच्या फेऱ्यात येतो. उजवीकडे पडली असेल, तर उजवा ब्रेक लिव्हर, हँडलबारचे टोक आणि मागच्या डिरेलरजवळची (गियर बदलणाऱ्या यंत्रणेजवळची) जागा. हँडलबार गर्रकन फिरून त्याचे टोक किंवा लिव्हर टॉप ट्यूबवर आपटला का, हे तर कायम विचारावे, कारण ही खूण चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. चेन घसरून चेनस्टे (पेडलकडून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) आणि क्रँक यांच्या सांदीत अडकली असेल, तर तिथे खोल चरे पडतात. बॅटरी लावून ते पाहावेत.

त्यानंतर सायकल स्वच्छ धुऊन कोरडी करायची. मळकट सायकलीची तपासणी म्हणजे नुसता देखावा. चाके, बाटलीचे स्टँड, शक्य असल्यास सीटपोस्टही काढावा. बॅटरीचा झोत नळीला जवळपास समांतर धरला, की उंचवटा, खोलगट जागा किंवा केसाएवढी रेघ सावलीने उठून दिसते. मऊ सुती कापड किंवा कापसाचा बोळा नळीवरून सावकाश फिरवावा. तुटलेला तंतू टोकदार असतो, कापूस त्यात अडकतो आणि धागा मागे राहतो. उघडे बोट फिरवू नये, कार्बनची कुसळे बोटात घुसली की काढता काढता नकोसे होते. संशयित जागा अंगठ्याने दाबावी आणि लगेच दुसऱ्या बाजूची तीच जागा दाबावी. एकीकडे घट्ट आणि दुसरीकडे किंचित लवचीक लागले, किंवा दाबताना बारीक कुरकुर ऐकू आली, तर पुढचे सगळे थांबवून ती फ्रेम जाणकाराकडे द्यावी.

खरी पंचाईत होते ती रेघ सापडल्यावर. ती केवळ रंगाला किंवा वरच्या क्लिअर कोटला (पारदर्शक लेपाला) गेलेली आहे की आतल्या पदरांपर्यंत पोहोचली आहे? जोडाजवळची, एकाच जागी थांबलेली, दोन्ही कडा सारख्या उंचीवर असलेली बारीक रेघ बहुधा रंगाचीच असते. रेघेभोवती पांढुरकी झाक, एका बिंदूतून फुटलेल्या अनेक रेषा, नखाला लागणारी पायरी किंवा तंतूंच्या दिशेने जाणारी रेघ ही मात्र काळजीची लक्षणे. फ्रेमवरची रेघ संशयास्पद नसून नुसती अनिश्चित वाटत असेल, तर तिची दोन्ही टोके बारीक पेनाने खुणावून, शेजारी तारीख लिहून फोटो काढावा आणि थोड्या थोड्या राइडनंतर पुन्हा पाहावे. टोक खुणेपलीकडे सरकले, की प्रश्न मिटला: तो रंग नव्हता. मात्र वाट पाहण्याची ही मुभा फोर्क आणि हँडलबारला नाही.

नाणे वाजवून पाहण्याची पद्धत सर्वांना माहीत असते. नाण्याच्या कडेने हलके टिचकत पुढे सरकायचे. चांगला भाग खणखणीत वाजतो, थर सुटलेला भाग बद्द वाजतो. पण नळीची जाडी बदलली, आत केबलचा पाइप आला किंवा जोड जवळ आला तरी आवाज बदलतो, आणि जाड भागात खोलवर सुटलेला थर आवाजात कळतही नाही. म्हणून बद्द आवाजाने संशय बळावतो, पण खणखणीत आवाजाने तो भाग निर्दोष ठरत नाही. या पद्धतीवर भिस्त ठेवून फ्रेमला अभय देणे घाईचे आहे.

सर्वाधिक कठोर नजर हवी ती सायकल वळवणाऱ्या भागांवर. फ्रेमची नळी तडकली तर बहुतेक वेळा आवाज, ढिलेपणा अशी काही पूर्वसूचना मिळते. हँडलबार किंवा फोर्कची स्टिअरर नळी (हेड ट्यूबमधून वर स्टेमपर्यंत जाणारी) मोडली, तर चालवणारा त्याच क्षणी तोंडावर आपटतो. हँडलबारची टेप पूर्ण उलगडून लिव्हरच्या पट्ट्याखालची जागा पाहावी. पडताना लिव्हर फिरला असेल, तर पट्ट्याची कड तिथे कार्बनमध्ये रुतलेली असते. स्टेमच्या दोन्ही कडांना लागून असलेला भागही तितकाच महत्त्वाचा. स्टिअररसाठी स्टेम काढून फोर्क बाहेर ओढावा लागतो. स्टेमच्या आवळणीची गोल खूण, खालच्या बेअरिंगच्या वरची जागा आणि क्राउनला (फोर्कच्या दोन पायांच्या जोडाला) मिळणारे वळण नीट पाहावे. आतून आधार देणारा प्लग स्टेमच्या आवळणीच्या पातळीवर बसला आहे ना, हेही तेव्हाच कळते. धातूच्या फोर्कमध्ये ठोकतात तसा स्टार नट (तारेच्या आकाराचा दातेरी नट) कार्बन स्टिअररमध्ये ठोकलेला आढळला, तर तो फोर्क तिथेच बाद करावा.

बरीच इजा पान्याने होते. सीटपोस्ट आणि स्टेमच्या बोल्टच्या आवळणीची मर्यादा बहुधा 4 ते 6 न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचे एकक) असते. भागावर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, आणि जुळणाऱ्या दोन भागांचे आकडे वेगळे असतील तर लहान आकडा पाळायचा. टॉर्क रेंच (आवळणीचा जोर दाखवणारा पाना) न वापरता हाताच्या अंदाजाने आवळलेला सीटपोस्ट बाहेर काढल्यावर कॉलरच्या (पोस्ट आवळणाऱ्या कड्याच्या) रेषेत चिरडलेला पट्टा दिसू शकतो. पोस्ट घसरतो म्हणून बोल्ट आणखी पिळण्यापेक्षा बारीक कणांची कार्बन पेस्ट लावावी, तिने कमी आवळणीतही पकड मिळते.

रिम ब्रेकच्या (रिमवरच घासणाऱ्या ब्रेकच्या) कार्बन चाकांना उष्णतेचा धोका असतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला, की रेझिन नरम पडते आणि टायरमधली हवा रिमची कड बाहेर ढकलते. ब्रेक लावताना चाक एका जागी ठोके देत असेल, तर ब्रेक ट्रॅकची (ब्रेक जिथे घासतो त्या पट्ट्याची) रुंदी व्हर्नियरने (बारीक मापाच्या साधनाने) चार-सहा ठिकाणी मोजावी. फुगीर रिम दुरुस्त होत नाही. डिस्क ब्रेकच्या चाकांत ही भीती नाही, तिथे खड्ड्यात आपटलेली कड आणि स्पोकच्या भोकांभोवतीच्या रेघा पाहाव्यात.

हाताच्या पाहणीने निर्णय होत नसेल, तर अल्ट्रासाउंड, उष्णतेच्या प्रतिमा किंवा सीटी स्कॅन हे मार्ग उरतात. अल्ट्रासाउंडमध्ये सुटलेल्या थरावरून प्रतिध्वनी लवकर परततो आणि दोष किती खोल आहे, हे कळते. सायकल दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञांकडे हेच साधन अधिक आढळते. सायकलच्या सुरक्षिततेच्या आयएसओ 4210 सारख्या मानकांच्या चाचण्या नव्या भागांच्या नमुन्यांवर होतात. त्यामुळे त्या मानकाचे लेबल अपघातानंतरच्या प्रकृतीबद्दल काहीच सांगत नाही.

फ्रेमची नळी दुरुस्त होऊ शकते. खराब भाग उतरत्या कडांनी घासून काढतात, मूळ दिशांचे नवे पदर बसवतात, दाब आणि उष्णता देऊन पक्के करतात. घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना आणि कातडीला त्रासदायक असते, त्यामुळे मास्क आणि हातमोजे लागतातच. हँडलबार, स्टेम आणि स्टिअरर मात्र दुरुस्तीला देऊ नयेत, ते बदलावेत. टाकून देताना ते करवतीने कापावेत, म्हणजे भंगारातून उचलून दुसरे कोणी सायकलला लावणार नाही.